आधी पाणी, मग हात

ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, खिडकीवर धूळ दिसली की माणसाचा हात आपसूक फडक्याकडे जातो आणि खिडकीचं नुकसान तिथूनच सुरू होतं. धूळ नुसती बसलेली असते तोवर ती काही करत नाही. तिच्यावरून कोरडं फडकं फिरलं की तिचा एकेक कण रेघ ओढत जातो. शिवाय त्या घासण्याने स्थिर वीज तयार होते आणि पुसणाऱ्याने पाठ फिरवली की आजूबाजूची धूळ पुन्हा येऊन चिकटते. मग तो परत पुसतो. थोड्याच दिवसांत खिडकीचं तेज जातं आणि दोष मालावर येतो, "हल्ली शीटच हलकी येते."

कराडात माझं ॲक्रिलिकचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, एलईडीचे बोर्ड, ट्रॉफ्या, देव्हाऱ्यांची दारं, गणपतीच्या मखराचे खांब. शीट कापायची, तापवून वाकवायची, चिकटवायची, कडा चमकवायच्या, हे रोजचं काम. या धंद्यात असूनही विमानाच्या खिडकीला कधी हात लागेल असं मनात आलं नव्हतं. तो लागला तो दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. उभा जन्म टूलरूममध्ये, कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, काढला, आणि निवृत्त झाल्यावर ओगलेवाडीच्या बाजूला पत्र्याची शेड मारून त्यात दोन आसनी विमान बांधायला घेतलं. किट परदेशातून आलं. ॲल्युमिनियमचे पत्रे, हजारो रिव्हेट, आणि एका लांबलचक खोक्यात कागदात गुंडाळलेला पारदर्शक घुमट, म्हणजे कॅनोपी. मागच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या, त्या सपाट शीटमधून आपणच कापायच्या. विमान अजून उडालेलं नाही. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, परवानग्या आणि तपासण्या रीतसर चालू आहेत. पण खिडक्या बसल्या आहेत, आणि त्या बसवण्याचं आणि राखण्याचं काम दाजींनी माझ्यावर सोपवलं आहे.

घरी विमान बांधणं आपल्याकडे लोकांना खुळेपणा वाटतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा कुठे पुष्कळांना कळलं की असं काही करता येतं. अमेरिकेत हा छंद जुना आहे. तिथल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या किटवरून लोकांनी बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं आकाशात उडाली आहेत. आणि कराडला विमान नवं नाही. कोयना प्रकल्पासाठी १९५५ च्या सुमारास इथं धावपट्टी झाली. शिकाऊ विमानांची घरघर ऐकतच दाजींचं वेड वाढलं.

ओगलेवाडी हे काचेचं गाव. ओगले ग्लास वर्क्सचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. आमच्या आईचं लहानपण त्या कंदिलाच्या उजेडात गेलं आणि संध्याकाळी त्याची काच राखेने घासून लख्ख करणं हे तिचं काम होतं. काचेला राख चालते, रांगोळी चालते, रद्दी पेपरचा बोळा चालतो. काच टणक असते, सोसते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातांना ही काचेची सवय आहे आणि ॲक्रिलिक दिसायला काचेसारखंच असल्यामुळे हात तीच सवय त्याच्यावर चालवतात. आई पहिल्यांदा शेडमध्ये आली, कॅनोपीवर बोटभर धूळ पाहिली, आणि पदराचं टोक हातात घेऊन पुढे झाली. दाजी अक्षरशः धावले. "आई, न्हाई! हात लावू नका. पाणी आणतो, थांबा."

ही वस्तू नक्की आहे काय, ते सांगायला हवं. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, लघुरूप पीएमएमए. जर्मनीत डार्मस्टाट इथं ओटो ऱ्योम यांच्या कंपनीने १९३३ साली 'प्लेक्सिग्लास' या नावाने ते बाजारात आणलं. इंग्लंडमध्ये आयसीआयने 'पर्स्पेक्स' काढलं. वजन काचेच्या निम्म्याहून कमी. पडलेल्या उजेडातला ९२ टक्के उजेड आरपार जातो, साध्या काचेपेक्षा थोडा जास्तच. तापवलं की घुमटासारखं फुगवता येतं. विमानांना हे सगळं हवंच होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर, हरिकेन अशा लढाऊ विमानांच्या कॅनोप्या याच्याच झाल्या.

त्या युद्धातली एक गोष्ट मला दुकानात बसल्या बसल्या नेहमी आठवते. १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेनवर मारा झाला आणि कॅनोपीचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर उपचार करणारे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळ्यात राहिलेले हे तुकडे तिथं निमूट पडून आहेत, शरीर त्यांना विरोध करत नाही. हा पदार्थ डोळ्याने खपवून घेतला. मोतीबिंदू काढल्यावर तेव्हा रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. रिडलींनी याच पर्स्पेक्सचं भिंग घडवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ते माणसाच्या डोळ्यात बसवलं. पुढे १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने अशी भिंगं स्वस्तात बनवायला घेतली आणि आपल्याकडच्या गरिबालाही ती परवडू लागली. आता घडी घालता येणारी मऊ भिंगं जास्त दिसतात, पण तीही बहुतेक ॲक्रिलिकच्याच कुळातली. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मिरजेला झाली. तिच्या डोळ्यांत कडक पीएमएमएची भिंगं आहेत. दाजींच्या कॅनोपीतून आई बाहेर पाहते तेव्हा तिची नजर एकाच पदार्थातून दोनदा जाते. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग माझ्या डोळ्यात धूळ गेल्यावर मी चोळते का? पाणीच मारते की." मी त्यानंतर गिऱ्हाइकांना हेच सांगतो.

विमानाच्या खिडकीवर एवढा जीव का टाकायचा, याला वैमानिकाकडे सरळ उत्तर आहे. आकाशात दोन विमानं एकमेकांवर येणार असतील तर समोरचं विमान खिडकीत सरकताना दिसत नाही. ते एका जागी स्थिर दिसतं, ठिपक्याएवढं. सरकणारी वस्तू डोळ्याला पटकन टिपता येते, स्थिर ठिपका टिपता येत नाही. तो वाढतो तेही अगदी शेवटच्या काही सेकंदांत. आता खिडकीवर चिलटांचे डाग असतील, चरे असतील, तर हा एक ठिपका त्या डागांमधला कोणता, हे कसं कळणार? लहान विमानात रडार नसतं, वैमानिकाचे डोळे हाच त्याचा पहारा. दुसरी गोष्ट मावळतीच्या उन्हाची. पश्चिमेकडे तोंड करून उतरताना ऊन समोरून येतं तेव्हा सावलीत न दिसणारा प्रत्येक बारीक चरा पेटून उठतो आणि धावपट्टी त्या चमकेत हरवते. गोल गोल फिरवून पुसलेल्या खिडकीत हे सगळ्यात वाईट. सूर्य कुठेही असो, त्या वर्तुळांचा कुठला ना कुठला भाग उजेडाला आडवा येतोच आणि सूर्याभोवती चमकतं कडं धरतो. म्हणून हात सरळ रेषेत चालवायचा, वारा जसा खिडकीवरून वाहतो तसा.

आमच्या भागातली धूळ साधी नाही. मुरुमाची आहे, रानातल्या काळ्या मातीची आहे, आणि दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की तिच्यात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतली राखाडी मिसळते. कराडच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको, दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काळे कण दिसले की कारखाना चालू झाला. ती राख बगॅसची, उसाच्या चिपाडाची. ऊस जमिनीतून सिलिका शोषतो आणि चिपाड जळाल्यावर उरलेल्या राखेत सगळ्यात मोठा वाटा सिलिकाचाच असतो. सिलिका म्हणजे वाळू ज्याची असते तो पदार्थ, काचेवरही रेघ ओढील इतका टणक. बोटावर घेतली तर ती राख पिठासारखी मऊ लागते, पण भिंगाखाली धरा, कडा दिसतात. ॲक्रिलिक काचेच्या मानाने फारच मऊ. हंगामाच्या चार-पाच महिन्यांत दाजींच्या शेडमध्ये कोरडं फडकं नावालाही ठेवत नाहीत.

तर धुणं. अमेरिकेच्या एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याची, विमान दुरुस्तीची पुस्तिका आहे, एसी ४३.१३-१बी. ॲक्रिलिक धुण्याबद्दल तिच्यात जे लिहिलंय ते वाचून मी चकित झालो होतो, कारण इतकं साधं आहे. भरपूर पाणी, सौम्य साबण, आणि मऊ स्वच्छ कापड किंवा स्पंज किंवा नुसता हात. नुसता हात! त्यामागचं कारण हाताने करून पाहिल्यावर कळतं. फडक्याखाली खडा आला तर फडक्याला कळत नाही. बोटाच्या पेराखाली वाळूचा एक कण आला तरी कळतो, आणि कळला की हात थांबतो.

आम्ही असं करतो. आधी शेडचं दार उघडून खिडकी सावलीत आणि गार आहे ना ते पाहायचं, तापलेल्या खिडकीवर साबण वाळून डाग पडतात. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. दाजी शर्टाची बटणंसुद्धा पाहतात, कारण वाकून पलीकडे हात घालताना पोटावरचं बटण कॅनोपीला घासतं. मग वरून तांब्याने पाणी सोडायचं, हात न लावता, धूळ आपल्या वजनाने वाहून जाईपर्यंत. जोराचा फवारा नको, त्याने कण आत रेटले जातात आणि रबराच्या सीलखाली जाऊन बसतात. मग बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, आणि त्या पाण्याने भिजलेला तळहात वरून खाली, अलगद. चिलटं वाळून घट्ट झाली असतील तर ओलं फडकं त्यांच्यावर नुसतं ठेवून द्यायचं, चहा पिऊन यायचं, तोवर ती सुटतात. नखाने खरवडायचं नाही.

शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की थेंब वाळला की पांढरं वर्तुळ उरतं. ते वर्तुळ मग कुणीतरी घासणार, आणि पुन्हा मूळ पदावर. शेवटी फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी फिरवायचं आणि ओलसर मऊ कापडाने टिपून घ्यायचं. ओढायचं नाही, टिपायचं. कापडाचं म्हणाल तर मायक्रोफायबर चांगलं, पण त्याहून आम्हाला मानवलं ते आईचं जुनं सुती लुगडं. वर्षानुवर्षं धुऊन त्याची खळ कधीच गेलेली, धागा लोण्यासारखा मऊ. काठ कापून काढला. ताईने त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून वेगळ्या डब्यात झाकून ठेवलेत आणि ते वेगळे धुतले जातात, कपड्यांच्या सॉफ्टनरशिवाय. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून झटकून पुन्हा वापरायचा नाही, तो थेट हात पुसायच्या फडक्यांत जातो. पहिल्यांदा मला हे अतिच वाटलं. आता मी दुकानातही तसंच करतो.

काय लावायचं नाही ते सांगताना मात्र मी आवाज चढवतो, कारण याचा पुरावा मी ढिगाने पाहिलाय. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अल्कोहोल, आणि काच पुसायचे ते निळे स्प्रे ज्यांत बहुधा अमोनिया असतो. यांतल्या एकानेही ॲक्रिलिक धुऊ नये. २०२० साली बँका, मेडिकल, पतसंस्था, सगळ्यांना काउंटरवर पारदर्शक पडदे हवे होते. माझ्यासारख्यांनी रात्र रात्र शीट कापल्या. लोक त्या पडद्यांवर दिवसातून कितीतरी वेळा सॅनिटायझर मारत होते. काही आठवड्यांत फोन यायला लागले की पडद्याच्या कडेपासून आत केसासारख्या चिरा जातायत. पाहायला गेलो तर लेझरने कापलेल्या कडेला, पैसे सरकवायच्या खाचेच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकाभोवती, शेकडो चंदेरी रेषा. सरळ पाहिलं तर दिसत नाहीत, मान वाकडी केली की चमकतात.

याला धंद्यात क्रेझिंग म्हणतात. लेझर कापताना कडेला वितळवतो, ती कड थंड होताना आकसते आणि ताण आत कोंडून राहतो. वाकवलेल्या, स्क्रूने आवळलेल्या, ज्योतीने कड चमकवलेल्या भागातही तसाच ताण असतो. नुसता ताण वर्षानुवर्षं गप्प बसेल, नुसतं अल्कोहोलही कदाचित उडून जाईल. दोघं एकत्र आले की चीर पडते. ताण घालवायचा तर शीट ऐंशी अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववायची असते. विमानात तर खिडकी कधीच ताणाशिवाय नसते. कॅनोपी चौकटीवर वाकून बसलेली, कडेला रिव्हेट-स्क्रूंची रांग, बाहेरून वारा, वरून ऊन. तिथं चीर पाडायला सॅनिटायझरचं एक फडकं पुरेसं आहे. आणि चरा घासून काढता येतो, क्रेझिंग नाही. त्याच्या चिरा आत गेलेल्या असतात.

खिडकीला सगळ्यात जास्त धोका असतो तो विमान उडायला लागल्यावर नव्हे, बांधत असताना. उडणाऱ्या विमानाला सगळे जपतात. बांधत्या विमानाभोवती ड्रिल चालतं, ॲल्युमिनियमचा किस उडतो, रंग उडतो, आणि कॅनोपीवर कुणी तरी पाना ठेवतो. कारखान्यातून येताना शीटवर जो कागद किंवा फिल्म चिकटवलेली असते ती जितकी टिकेल तितकी टिकवावी, पण उन्हात नाही. उन्हात ती अशी चिकटते की मग काढताना माणूस रडकुंडीला येतो आणि थिनरकडे हात जातो.

कापायचं काम आम्ही वैशाखात केलं. थंड ॲक्रिलिक ठिसूळ होतं, डिसेंबरच्या पहाटे ते कापायला घेतलं तर चीर कधी पळेल सांगता येत नाही. थंड देशातले लोक त्यासाठी खोली तापवून घेतात. आम्हाला शेडचा पत्राच पुरला, आत घामाच्या धारा लागल्या होत्या पण शीट लोण्यासारखी वागली. करवतीऐवजी घासून कापणारी चकती, आणि कापल्यावर कड कानशीने आणि वॉटर पेपरने इतकी गुळगुळीत करायची की नख फिरवताना कुठे अडकू नये. प्रत्येक चीर कडेवरच्या एखाद्या खाचेतून जन्म घेते. भोकं पाडायला साधं ड्रिल चालत नाही, ते आत घुसताना शीटला ओढतं आणि पलीकडून टवका काढतं. पायऱ्यांचं ड्रिल वापरलं.

भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवायची, हे दाजींसारख्या टूलरूमच्या माणसाला पटवणं जड गेलं. त्यांचा जन्म मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, गेलेला. "पाव्हणं, एवढं ढिलं? हे बसवणं म्हणायचं का लोंबवणं?" मग कागद घेऊन बसलो. ॲक्रिलिक उष्णतेने ॲल्युमिनियमच्या तिप्पट वाढतं. मीटरभर लांबीला तीस अंशांचा फरक पडला तर ॲक्रिलिक दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं, ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. मधल्या दीड मिलिमीटरच्या आसपास फरकाला जागा मिळाली नाही तर तो भोकाच्या कडेला चीर पाडून जागा करून घेतो. माघातल्या पहाटेपासून त्याच दिवशीच्या दुपारच्या उन्हापर्यंत इथं शेडबाहेर उभ्या विमानाच्या कॅनोपीला तीस अंशांचा फरक सहज पडतो. दाजींनी आकडे दोनदा तपासले, आणि भोकं स्वतः मोठी केली. स्क्रूही आवळून घ्यायचे नाहीत, टेकले की थांबायचं.

आता पॉलिश. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक खिडक्या पॉलिश कमी केल्याने खराब होत नाहीत, जास्त केल्याने होतात. पॉलिश म्हणजे थर काढणं. कुठलंही रसायन चरा भरून काढत नाही. भरल्यासारखं दिसतं ते मेण असतं, आणि मेण चांगलंच आहे. धुतलेल्या खिडकीवर मेणाचा पातळ थर दिला की बारीक रेघा झाकतात, पाणी घसरतं आणि पुढची धूळ कमी चिकटते. त्यात गैर काही नाही. चरा खरोखर काढायचा तर त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी पातळी खाली आणावी लागते.

म्हणून आधी नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर वॉटर पेपरला हात लावायचा नाही. बारीक पॉलिशने जातो तेवढा जाऊ द्यायचा. अडकलं तर मात्र विचार करायचा, की हा चरा वैमानिकाच्या नजरेच्या वाटेत आहे का? नसेल तर सोडून द्यावा. असेल तर पाण्यात भिजवलेला बारीक वॉटर पेपर रबरी ठोकळ्यावर गुंडाळून सुरुवात. जमेल तितक्या बारीक नंबरने सुरू करावं: आठशेने काम होत असेल तर सहाशे उचलू नये. एका नंबरचे हात एका दिशेने, पुढच्या नंबरचे त्याला काटकोनात. असं केलं की आधीच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच दिसतं. त्या शंभर टक्के गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही, आणि मध्ये प्रत्येक वेळी धुवायचं, कारण आठशेचा एक कण दीड हजारच्या कागदाखाली राहिला तर सगळं मुसळ केरात. विमानवाले मायक्रोमेश नावाचे कापडी पट्टे वापरतात, १५०० पासून १२००० पर्यंत. ते आकडे आपल्या कागदाच्या आकड्यांशी जुळत नाहीत, त्यांचा १५०० हा आपल्या ४०० च्या आसपास बसतो. हे ठाऊक नसलेला माणूस बारीक समजून भरड पट्टा घेतो.

मशीनचं बफिंग मी दुकानात रोज करतो, पण कॅनोपीला ते लावू देत नाही. शंभर अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं आणि फिरतं चाक एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. पाटीच्या कडेला ते खपतं. कॅनोपीत तिथं लाट उमटते.

ही लाट चऱ्यापेक्षा वाईट. चरा काढण्याच्या नादात एकाच ठिकाणी घासत राहिलं की तिथं उथळ खळगा होतो, म्हणजेच एक भिंग तयार होतं. पृष्ठभाग आरशासारखा चमकतो, बोटाला काही लागत नाही, आणि त्यातून पाहिलं की पलीकडची वस्तू वाकते. दाजींनी ते पाहायची रीत शोधली आहे. कॅनोपीत बसून समोरच्या विजेच्या तारांकडे पाहायचं आणि मान सावकाश डावीउजवीकडे न्यायची. तार सरळ राहिली तर ठीक. घासलेल्या जागी येताच ती पोटात वाकली, की समजायचं इथं थर जास्त गेला. उतरताना वैमानिक जमिनीची उंची नजरेनेच जोखतो, आणि तिथं वाकलेली रेघ त्याला फसवते. यावरचा एकच इलाज म्हणजे चऱ्याच्या कितीतरी पट मोठी जागा एकसारखी घासत जाणं, आणि कडेकडे दाब हलका करत नेणं. तासन्‌तास लागतात. समोरच्या खिडकीत, बरोबर नजरेच्या उंचीवर खोल चरा असेल तर मी म्हणेन की ती बदला.

दाजींच्या कॅनोपीवर डाव्या कडेला, चौकटीजवळ एक चरा आहे, नखाला किंचित लागणारा. खोक्यातून काढताना पडला असावा. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या मागे येतो. तो तसाच ठेवायचा असं आम्ही ठरवलं आहे, आणि शेडच्या वहीत त्याची जागा आणि लांबी लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढे तो वाढला तर कळेल. चरा वाढत नसतो. वाढला तर ती चीर आहे, आणि मग विषय वेगळा.

मागची उजवी छोटी खिडकी मात्र गेली. रंग देणाऱ्या माणसाने चिकटपट्टीचा गोंद राहिला म्हणून कडेने थिनरचं फडकं फिरवलं. तेव्हा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या तिरक्या उन्हात स्क्रूंच्या रांगेला लागून त्या चंदेरी रेषा दिसल्या. तो चांगला कारागीर, मनापासून साफ करायला गेलेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता शेडच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी आहे, माझ्याच दुकानात केलेली: खिडक्यांना फक्त पाणी आणि हात. रंगकाम करणाऱ्याला आत येण्याआधी दाजी ती मोठ्याने वाचून दाखवतात.

नवी खिडकी कापायची आहे. तीन मिलिमीटरची कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, शीट आणून ठेवलीय, दाबून बाहेर काढलेली एक्स्ट्रुडेड नको म्हणून मुद्दाम, कारण कास्टमध्ये मुळातला ताण कमी असतो आणि ती क्रेझिंग जास्त सोसते. कागद काढलेला नाही. शेडच्या उत्तरेच्या भिंतीशी, उन्हापासून लांब, पूर्ण पाठीला टेका देऊन उभी केली आहे, नुसती कडेवर टेकवली तर ती पोटात वाकते. दाजी रोज विचारतात, कधी कापायची? मी सांगितलंय, थंडी जाऊ द्या, होळी झाली की बघू.